नेफा, नाडी आणि एक लाथ

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज कंपनीने मला एक टेबल, एक खुर्ची, एक हिरवा पडदा आणि दहा मिनिटं दिली. टेबल, खुर्ची आणि पडदा मेडिकल रूमच्या कोपऱ्यात. दहा मिनिटं रोज सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, कॅन्टीनमध्ये. त्या दहा मिनिटांत हार्नेस लाइनच्या बायकांना त्यांच्याच हातापायांविषयी सांगायचं, म्हणजे दुखणं यायच्या आधीच थांबेल.

हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातल्या वायरींची जुडी. बायका दिवसभर उभ्या राहून वायरींची टोकं अंगठ्याने प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये दाबतात. 'टक्' वाजलं की पुढचं टोक. मी एकीचे 'टक्' मोजले. दहा मिनिटांत एकशे चाळीस. आणि या अंगठ्याला हलवणारे कितीतरी स्नायू अंगठ्यात नसून पार वर, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये सुरू होतात, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नाही! मी फिजिओथेरपी शिकले ती यासाठीच. आयटीवाल्यांच्या वाकडमधल्या एका क्लिनिकने बोलावलं होतं. तिथे एसी आहे आणि मान आखडलेले लॅपटॉपवाले आहेत. मी नको म्हणाले. त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत.

एचआरच्या विजयश्री मॅडम स्पष्ट बोलतात. "सहा आठवडे देतेय. पंधरा फेब्रुवारीला दोन गोष्टी बघणार. तुझ्या क्लासला वीसच्या वर बायका येतात का, आणि दुखतंय म्हणून मेडिकल रूममध्ये येणाऱ्या कमी झाल्या का. नाहीतर पोस्ट बंद. वाईट वाटून घ्यायचं नाही."

घरी आल्यावर आईने विचारलं, "म्हंजे तू डॉक्टर का मास्तर?"

"दोन्ही थोडं थोडं."

"मग चप्पल चांगली घे. मास्तरणीला लोक पायापासून बघायलेत."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आई सातवीनंतर शाळेत गेली नाही, पण अशी वाक्यं ती कुठून आणते कळत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

अकरा जणी आल्या. आजचा विषय: स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही.

लाइन लीडर सुमनताईंनी हात वर केला. गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की मशीन बंद करावी लागत नाही. "मॅडम, मग मी रोज दार ढकलते ते?"

"तेव्हाही आत एक स्नायू ओढतच असतो. कोपर सरळ करणारा. आणि तो हाडाला ज्या पांढऱ्या दोरीने बांधलेला असतो तिला म्हणायचं कंडरा."

"म्हणजे नस."

"नस नाही, ताई. नस वेगळी. कंडरा."

"तेच ते. आमच्याकडे नसच म्हणतात."

इथे सगळ्याला नस म्हणतात. मान दुखली, नस. टाच दुखली, नस. पदरी पडलेली दहा मिनिटं मी नस आणि कंडरा यांतला फरक सांगण्यात घालवली. उद्या आणखी सोप्या भाषेत सांगेन.

शुक्रवार, १० जानेवारी

सुमनताई अर्धा दिवस गैरहजर. पाठीत उसण भरली म्हणून मोशीला एका पायाळू बाईकडे लाथ खायला गेल्या होत्या.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याने पाठीत लाथ मारली की उसण उतरते, असं मानतात. दोन हजार पंचवीस साली! मी क्लासमध्ये जरा रागाने बोलले. जन्मताना बाळाचं डोकं आधी आलं काय नि पाय आधी आले काय, त्याचा दुसऱ्याच्या पाठीशी काय संबंध? पाठीतला स्नायू आखडतो, दोन-चार दिवसांत आपोआप सैल होतो आणि श्रेय लाथेला जातं.

"पण मॅडम, मला उतरली की," सुमनताई म्हणाल्या. बाकीच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच हरले.

सात जणी होत्या. करिष्मा धरून. करिष्मा आमच्या दापोडीच्या गल्लीतली, माझ्याबरोबर शाळेत होती, आता लाइनवर आहे. ती मैत्रीखातर येते, तेव्हा सहाच म्हणायच्या.

सोमवार, १३ जानेवारी

मोठी चूक केली. लिहायलाही नको वाटतंय.

कंडरा म्हणजे काय ते शब्दांनी कळत नाही, दाखवावं लागतं. कोंबडीचा पाय कापला की वरच्या टोकाला पांढरी दोरी दिसते. ती ओढली की पंजा मिटतो. कॉलेजात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आनंदाने ओरडले होते. म्हणून चिकनवाल्याकडून चार पंजे घेतले, गरम पाण्याने धुतले आणि डब्यात घालून नेले.

गेटवर आबाजी असतात, सिक्युरिटीचे. इथल्याच गावचे, तरुणपणी कुस्ती खेळलेले. त्यांनी डबा उघडला.

"ह्ये काय, मॅडम? न्याहारी?"

"शिकवायला आणलंय, आबाजी."

"कुणाला, कोंबडीला?"

पण आत घेऊ दिलं. मी टेबलावर पंजा ठेवला, दोरी ओढली. पंजा मिटला. सुमनताई किंचाळल्या आणि माळ मुठीत धरून कॅन्टीनबाहेर गेल्या. मग कुणीतरी म्हणालं, "सोमवार आहे आज." दुसरी म्हणाली, "सोमवार काय, भोगी आहे!" सणाच्या दिवशी, सोमवारी, जेवायच्या टेबलावर मी कोंबडीचे पाय ठेवले होते. कॅन्टीनवाल्याने टेबल तीनदा धुतलं.

कसं विसरले? घरी आई सकाळी भोगीच्या भाजीसाठी वांगी चिरत होती. मी तिच्या शेजारून डबा घेऊन गेले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. क्लासला तीन जणी, तिळगूळ द्यायला. सुमनताईंनीही दिला, पण गोड बोलल्या नाहीत.

आईला सगळं सांगितलं. ती रबराच्या वॉशरचं पोतं घेऊन बसली होती. भोसरीच्या वर्कशॉपमधून ती किलोवर काम आणते, वॉशरच्या कडेला राहिलेलं जास्तीचं रबर कातरीने कापायचं. बाबा त्याच वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. ऐकून झाल्यावर तिने कातर ठेवली आणि हात झटकला.

"तू सांगायलीस ते खरं हाय ना?"

"खरंच आहे गं."

"मग येतील. आधी येतील, मग ऐकतील. तू ऐकवायचं आधी बघायलीस."

मग तिने परकर माझ्या मांडीवर टाकला. "एवढी नाडी ओवून दे. तुझी बोटं हलकी हायत." मी सेफ्टी पिन लावून नेफ्यातून नाडी ओवत होते आणि एकदम थांबले. हेच की! मनगटापाशी कंडरा अशाच नेफ्यातून जाते. नेफा गुळगुळीत, तोवर नाडी सरकते. नेफा सुजला की नाडी अडकते. मी ओरडले, "आई, तू ग्रेट आहेस!"

"मी काय केलं? नाडी तू ओवायलीस."

बाबांचं मात्र लक्ष भाकरीकडे. आईच्या भाकऱ्या हल्ली कडेला फाटतात. ज्वारी बदलली असेल.

गुरुवार, १६ जानेवारी

कारखान्याची आठवड्याची सुट्टी. आईने घरी हळदीकुंकू केलं. दरवर्षी गल्लीतल्याच बायका असतात, पण या वेळी करिष्माबरोबर लाइनच्या दहा-बारा जणी आल्या. दापोडी, कासारवाडी, फुगेवाडीच्या. सुमनताईसुद्धा! आईने त्यांना वाणाला चहाची गाळणी दिली आणि बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी आत चहा करत होते. मोठा हशा झाला. ट्रे घेऊन बाहेर आले तर सगळ्या एकदम गप्प, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर.

पैंजण घालायला हवे होते बहुतेक.

शुक्रवार, १७ जानेवारी

सव्वीस!!

सव्वीस जणी! मी नेफा आणि नाडी सांगितली. परकराचं नाव काढताच हसू फुटलं, पण एकही विसरणार नाही. सगळ्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं, बोटं हलवली आणि आतून नाड्या सरकताना त्यांना जाणवल्या. "अगं बाई, खरंच सरकतंय," असं एकीने म्हटलं तेव्हा मला रडू येणार होतं.

एक साधी उपमा काय करू शकते! कॉलेजात हे शिकवलं पाहिजे.

बुधवार, २२ जानेवारी

अठ्ठेचाळीस. कॅन्टीनच्या खुर्च्या कमी पडल्या, बायका खाली बसल्या. अगदी पुढे, माझ्या पायांशी. इतका आदर मला पेलत नाही, पण शिकायची तळमळ आहे म्हणून चालवून घेते.

त्यांच्या सूचनाही छान असतात. पावलाचे स्नायू शिकवायचे तर मी चप्पल काढावी, असं त्यांनीच सुचवलं. आता रोज अनवाणी शिकवते. आज पाठीचे स्नायू होते. सुमनताई आपणहून चटईवर पालथ्या झोपल्या. मी वाकून हात लावणार तोच म्हणाल्या, "हातानं कशाला? दिवसभर तुम्हाला हातानं काम करायचंय. पायानं दाखवा की."

म्हणून मी पायाच्या अंगठ्याने दाखवलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. त्या उठल्या, कमरेत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "उतरली!" मागून चार जणी म्हणाल्या, "आता माझी पाठ घ्या."

मेडिकल रूममध्ये आज दोघीच आल्या. नर्सबाई म्हणाली, पूर्वी दहा-दहा असायच्या. आमचे सर म्हणायचे की आपलं शरीर समजलं की निम्मी वेदना तिथेच कमी होते. आज पटलं. पण व्यायामही करताहेत त्या, मी बघते ना. चहाच्या सुट्टीत मनगटं फिरवतात.

शनिवार, २५ जानेवारी

गेटवर आबाजी लंगडत होते. सकाळी उठलं की टाच धरते म्हणाले, मागच्या बाजूला, दोन महिने झाले. मी म्हटलं, टाचेची कंडरा आहे ती, अंगातली सगळ्यात जाड. सुजलेली दिसते. धावपळ करू नका, मंगळवारी मेडिकल रूममध्ये या.

"ते येतो वो. पर तुमचे पाय आमच्या केबिनला कवा लागणार? सगळ्या बाया म्हणत्यात, लई गुण हाय."

केबिन बघायला बोलावत होते. येईन म्हटलं. किती अगत्य असतं या गावच्या माणसांना.

रविवार, २६ जानेवारी

क्रमाने लिहिते.

झेंडावंदन झालं. मग रस्सीखेच, सिक्युरिटी विरुद्ध स्टोअर्स. आबाजी सगळ्यात शेवटी, दोर कमरेला गुंडाळून. मी त्यांना नको म्हटलं होतं. "आमी मातीतली माणसं, मॅडम," म्हणाले. मी काळजीने त्यांच्या अगदी मागे उभी राहिले. चप्पल गवताबाहेर काढलेली.

शिट्टी वाजली. आबाजींनी टाच रोवली, अंग मागे टाकलं, आणि 'फट्' असा आवाज आला. ते खाली बसले. मागे वळून बघितलं. मागे मी.

"लाथ कुणी मारली रं? मॅडम, तुमी?"

"मी? नाही आबाजी, मी कशाला..."

पण माझा आवाज कुणाला ऐकू जातोय! सुमनताई ओरडल्या, "मारली! मॅडमनी लाथ मारली! आबाजींची टाच उतरणार!" आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर टाळ्या.

मी करिष्माचा दंड धरला. "हे काय चाललंय?"

"अगं, तू पायाळू आहेस ना. आईंनी हळदीकुंकवाला सांगितलं. मी म्हटलं तुला माहीत असेल."

सव्वीस. अठ्ठेचाळीस. पायांशी बसणं. पायाने दाखवा. माझ्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं. नेफा नाही, नाडी नाही. पाय.

तरी मी आधी आबाजींकडे धावले. पाय हातात घ्यायचा तर त्यांनी मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. एक लाथ बसली, पुरे झालं. आता उतरंल." पाऊल थोडं हलत होतं, त्यामुळे त्यांना वाटलं ठीक आहे. पुतण्याच्या मोटरसायकलवर बसून घरी गेले, तेल चोळून घ्यायला. मी मागून ओरडत होते, चोळू नका, पाय टेकू नका. आणि दुसऱ्या बाजूने विजयश्री मॅडम येत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक. "वर्षाली, तू सिक्युरिटीच्या माणसाला लाथ मारलीस?"

कंपनीत कुणाचा विश्वास आहे की मी लाथ मारली आणि फार चांगलं केलं, कुणाचा आहे की मारली आणि फार वाईट केलं. मारलीच नाही, हे मानणारी मी एकटी.

घरी आईला विचारलं, "मी पायाळू आहे?"

आई पोत्यात बघत होती. "हायस. सांगितलं नाही तुला. गल्लीनं सुखानं अभ्यास करू दिला नसता. सकाळ-संध्याकाळ लाथा मारत बसली असतीस."

हे खरं वाटतं. आमच्या गल्लीने खरंच सोडलं नसतं. पण तिने आत्ताच का सांगितलं, तेही मला सोडून सगळ्यांना?

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी पत्र मिळालं. घटनेचा लेखी खुलासा करा, तोपर्यंत क्लास बंद. खुलासा मी एका पानात लिहिला. त्यात टाचेच्या कंडरेची आकृती काढली. विजयश्री मॅडमनी आकृती बघून डोळे मिटले. "तू म्हणतेस तसं असेलही. पण तो माणूस म्हणतोय लाथ बसली."

"कंडरा तुटली की तसंच वाटतं, मॅडम. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं. माणसं वळून बघतात."

"आणि वळून बघितलं तर मागे तू. तेही अनवाणी."

माझ्या पोस्टचं काय व्हायचं ते होईल. पण ती कंडरा तुटली असेल तर तिची टोकं रोज लांब जाणार. चार-पाच आठवडे तेल चोळत बसले तर आबाजी जन्मभर चवड्यावर उभे राहू शकणार नाहीत.

सुट्टी झाल्यावर घरी न जाता आबाजींच्या घरी गेले. सुमनताई आणि करिष्मा बरोबर आल्या. करिष्मा अपराधी वाटून, सुमनताई माझी लाथ लागू पडली का ते बघायला. घर कंपनीच्या मागेच आहे. जिथे आज गेट आहे तिथे पूर्वी आबाजींची विहीर होती. ते कळल्यावर मला वाटलं, हा माणूस वीस वर्षं स्वतःच्याच विहिरीवर पहारा देतोय.

आबाजी बाजेवर बसले होते, टाच सुजून भोपळा. त्यांच्या पत्नी अंबुबाई तेल कोमट करत होत्या. मला बघून उठल्या. "या या. आवो, एका लाथंनं काम झालं न्हाई. दुसरी मारून बघा की."

त्या क्षणी एक मोह झाला. ते खरंच लिहिते, ही वही माझीच आहे. वाटलं, म्हणावं, 'मी पायाळू, मी सांगते, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात चला.' ते उठून आले असते. समजावण्याचे सगळे श्रम वाचले असते. पण मग मी शिकले ते कशाला?

"अंबुबाई, लाथ मारत नाही. एक गंमत दाखवते. तुम्ही बाजेवर पालथ्या झोपा, पावलं बाहेर लोंबू द्या."

"मी? मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं, म्हणूनच."

त्या हसत झोपल्या. मी त्यांची पोटरी हाताने दाबली. पावलाने मान डोलावल्यासारखी केली. पुन्हा दाबली, पुन्हा डोलावली. मग करिष्मा झोपली. डोलावली. सुमनताई बाजेला भीत भीत झोपल्या, बाज करकरली, पण पावलाने मान डोलावली. शेजारच्या दोघी कुंपणावरून आल्या, त्याही झोपल्या. अंगणात नुसता हशा.

"आता आबाजी. आधी चांगला पाय."

डोलावली.

"आता हा."

मी पोटरी दाबली. पाऊल तसंच लोंबत राहिलं. पुन्हा दाबली. काही नाही. हसणं आपोआप थांबलं. सुमनताई पुढे आल्या, "मला दाबू द्या." त्यांनी दाबली. पाऊल हललं नाही.

आबाजी मान वळवून बघत होते. मग म्हणाले, "ल्हानपणी आमच्या हिरीवर मोट व्हती. एकदा नाडा तुटला, मोटंचा जाड दोर. बैल आपलं वढत्यात, पर मोट काय वर येईना." त्यांनी पोटरीला हात लावला. "ह्यो बैल. ही टाच मोट. मधला नाडा तुटला, व्हय ना मॅडम?"

तीन आठवडे मी शिकवते आहे, आणि याहून चांगलं मी एकदाही सांगितलं नव्हतं.

"व्हय, आबाजी," एवढंच म्हणाले.

"मग तेल कशाला चोळतीस गं? तुटल्याला नाडा तेलानं जुळतोय व्हय?" असं ते अंबुबाईंवरच डाफरले.

बुधवार, २९ जानेवारी

सोनोग्राफी झाली. टाचेची कंडरा पूर्ण तुटलेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. शनिवारी ऑपरेशन.

अंबुबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "लाथंनं तुटली का वो?" ते म्हणाले, "लाथ बिथ नाही. आतून तुटते तेव्हा प्रत्येकाला तसंच वाटतं." सुमनताई शेजारी होत्या. त्यांनी हे वाक्य लाइनवर नेलं असणार, कारण दुपारपर्यंत ते वायरींना टेप गुंडाळायच्या टेबलापासून स्टोअर्सपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आबाजींनी पुतण्याच्या हातून चिठ्ठी पाठवली, विजयश्री मॅडमच्या नावे. "मॅडमनी लाथ मारलेली नाही. माझा नाडा माझ्याच जोराने तुटला. रस्सीखेच आम्ही जिंकली का ते कळवावे."

क्लास पुन्हा सुरू. मी चप्पल घालून गेले. म्हटलं, आता पायाने काही दाखवणार नाही. ज्यांना लाथ हवी त्यांनी मोशीला जावं.

एक्केचाळीस जणी थांबल्या. सगळ्यांना एकमेकींच्या पोटऱ्या दाबायच्या होत्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पोस्ट राहिली! मी राहिले!

विजयश्री मॅडमनी हाताला हात लावला, म्हणजे खरंच हात मिळवला. म्हणाल्या, सेकंड शिफ्टलाही क्लास घे. आणि पुढच्या वर्षीच्या रस्सीखेचीआधी सगळ्यांच्या टाचा तपास. मग दार लावून हळूच विचारलं, "माझी पाठ धरलीय तीन दिवस. तू खरंच पायाळू आहेस का गं?"

मी त्यांना तीन व्यायाम लिहून दिले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कायम नोकरीच्या फाइलला जन्माचे कागद हवे होते. आईच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली एक पिवळं कार्ड सापडलं, गावाकडच्या सरकारी दवाखान्याचं, माझ्या जन्माच्या तारखेचं. वाचलं. पुन्हा वाचलं. प्रसूती नॉर्मल. बाळाची स्थिती: व्हर्टेक्स.

व्हर्टेक्स म्हणजे डोकं. माझं डोकं आधी आलं होतं, जगातल्या बहुतेक बाळांसारखं.

आई कातर चालवत होती. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. "आई, मी पायाळू नाहीये."

तिने कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "नाहीस."

"तू खोटं बोललीस. सगळ्यांशी. माझ्याशीही."

"तीन बायका यायल्या होत्या, वर्षा. तीन. सहा आठवडे करून काय सांगणार होतीस, भिंतीला? मी म्हटलं, येऊ तर द्या. आल्या की ऐकतील. ऐकलं का नाही?"

"पण आई..."

"आन् डोकं आधी आलं हे तर चांगलंच झालं की. म्हणून तर ते चालायलंय." असं म्हणून ती हसली. तोंडाला पदर न लावता, पोट धरून हसली. मला रागवायचं होतं. मी पण हसले.

आणि हसता हसता माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. कातर तिने डाव्या हातात घेतली होती. आई डावरी नाही.

"उजवा हात दे."

"काही नाही गं, नस दबलीय जराशी."

"आई. अंगठा आत घेऊन मूठ मिट. आता मनगट खाली वाकव."

"आई गं!" असं माझी आई ओरडली.

किती दिवस? तर दिवाळीपासून. परकराची नाडी माझ्याकडे दिली, ती हलक्या बोटांसाठी नव्हे. हात झटकत होती. भाकऱ्या फाटत होत्या. मी ज्वारीला दोष दिला. गावभरच्या पोटऱ्या दाबत फिरले, आणि हा अंगठा रोज माझ्यासमोर ताटात भाकरी वाढत होता.

मी तिचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथे सूज होती, वाटाण्याएवढी. रडायला आलं होतं, पण शिकवायला लागले. तेच मला येतं. "हा नेफा. यातून अंगठ्याच्या दोन नाड्या जातात..."

"मला माहीत हाय," आई म्हणाली. "परकर माझाच होता."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

क्लासमध्ये कार्ड नेलं आणि सगळं सांगितलं. मी पायाळू नाही, कधीच नव्हते. ज्यांना पाय लावला त्यांची क्षमा मागते.

सुमनताई म्हणाल्या, "म्हणजे माझी पाठ कशानं उतरली?"

"स्नायू सैल झाला. आणि तुम्ही रोज व्यायाम करता म्हणून पुन्हा भरली नाही."

त्या कमरेत एकदा वाकून सरळ झाल्या. "बरं झालं. मोशीची ती बाई फार जोरात मारते." आणि चटईवर पालथ्या झोपल्या. "चला, आज कुठला शिकायचाय?"

मोजायची आता गरज नाही, तरी मोजल्या. चव्वेचाळीस.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आईच्या अंगठ्याला पट्टा बसवला. सहा आठवडे कातर बंद, भाकरी बंद, पिळणं बंद. ती दिवसभर गल्लीत पट्टा दाखवत फिरली. संध्याकाळी करिष्मा आली आणि म्हणाली, "काय काकू, नस दबली का?"

"नस नाही गं," आई म्हणाली, "कंडरा. नेफा सुजलाय, मग ती अडकते. तुम्हाला शिकवायलेत ना कंपनीत? ऐकत नाहीस का?"

भाकरी आता माझ्याकडे. आज पहिली केली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागद, मधोमध भोक, आणि एक कोपरा बाहेर आलेला. बाबांनी ताटात घेतली, उलटी केली, सुलटी केली. इतक्या दिवसांत ते या प्रकरणावर एक अक्षर बोलले नव्हते.

"सावित्रीबाई," ते आईला म्हणाले, "ही कशी आली? डोक्याकडून का पायाकडून?"